मुतखडा, दूध आणि तुझे बाबा

जळगाव, १४ जून

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्याला आज पाच दिवस झाले. अनूचा रोज मेसेज येतो, ‘बरे आहेत, साइटवर गेले’, त्यामुळे तशी काळजी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिलं असतं, पण तिथे तू निळ्या खुणा करून पुढे जातोस. कागद फार तर फाडशील, पण मध्येच ‘हां आई, हां आई’ तरी म्हणता येणार नाही. शेजारचा मुलगा मंगळवारी मस्कतला निघालाय. त्याच्या बॅगेत हे पाकीट आणि बिबड्यांचा डबा देतेय.

एक ठरवून बसलेय. दुधाचा विषय काढायचा नाही.

मूत्रनळीत घातलेला स्टेंट निघाला हे बरं झालं. अनू म्हणाली, काढताना तू ओरडलास. ओरडावं. तुझे बाबा ओरडायचे नाहीत, खाटेची कड धरून बसायचे नि कपाळावरून घाम टपकत राहायचा. त्यापेक्षा ओरडणं बरं. सात वेळा पाहिलंय मी ते. ही घरातली आठवी कळ, आणि ती मला दिसलीसुद्धा नाही. रात्री दोनला अनूने फोन केला तेव्हा चिऊ मागे रडत होती, नि मी इथे अंधारात चष्मा शोधत होते, जणू चष्मा लावला की मस्कत दिसणार.

खडा सात मिलिमीटरचा म्हणजे अडकणारच. पाचाच्या आतला असता तर पाण्यावर बहुतेक निघून गेला असता.

तू पाठवलेली पीडीएफ तीनदा वाचली. खड्याची तपासणी: कॅल्शियम ऑक्झलेट, जोडीला थोडं फॉस्फेट. म्हणजे आपल्या घरचाच. रक्तातलं कॅल्शियम ९.६, छान. क्रिएटिनिन छान. डी जीवनसत्त्व १४, हे कमी आहे. उन्हात काम करणाऱ्या माणसाचं १४ कसं, तर तू सकाळी गाडीत बसतोस नि कंटेनरमधल्या एसीत उतरतोस, मला माहीत आहे. खाली सूचना: पाणी भरपूर, मीठ कमी, मटण-चिकन बेताने. दूध बंद करा असं त्या कागदावर कुठेही नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ते तुला साइटवरच्या कुणीतरी सांगितलं, आणि तू दूध, दही, पनीर, तीळ, सगळं एका दिवसात बंद केलंस.

आलंच बघ. एक पानसुद्धा निभावलं नाही.

तू म्हणालास, ‘खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम कशाला खायचं? पोराटोरालाही कळेल.’ आणि मग ते नळ्यांचं. ‘आई, तू लॅबमध्ये नळ्या धुवायचीस, डॉक्टरकी नको करूस.’ नळ्या मी धुतल्या, खरं आहे. पहिली दोन वर्षं. पुढची एकतीस वर्षं त्या नळ्यांत काय आहे ते मी सांगत होते, आणि डॉक्टर त्यावर सही करत होते. राग आला होता. आता नाही. थोडा आहे.

लघवीचा थेंब काचपट्टीवर घेऊन खाली पाहिलं की कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक कसे दिसतात ठाऊक आहे? पोस्टाच्या पाकिटासारखे. चौकोनी, आणि मधोमध पाकिटाच्या पाठीला घड्या असतात तशी फुली. दुसरा एक प्रकार असतो तो डमरूसारखा. आमच्याकडे नवीन मुली आल्या की मी त्यांना म्हणायचे, पाकीट दिसलं की लिहायचं. १९८९ च्या मे महिन्यात तुझ्या बाबांची पहिली पाकिटं मीच पाहिली. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. ते तेव्हा एसटी घेऊन जळगाव–धुळे–नाशिक करायचे. बाहेर ४५ अंश, इंजिनची धग पायाशी, आणि मध्येच गाडी थांबवावी लागू नये म्हणून हा माणूस आठ-आठ तास पाण्याचा घोट घ्यायचा नाही. लघवी काळपट चहासारखी. मी नळी हातात धरून उभी, आणि मला नवऱ्यापेक्षा स्फटिकांचंच कौतुक, किती सुंदर, किती ठळक! बावीस वर्षांची होते.

बरं, पोटात काय होतं ते एकदाच सांगते. पालक, चहा, शेंगदाणे, काजू यांतून ऑक्झलेट येतं. त्याच जेवणात दही-ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम या ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि दोघं संडासवाटे निघून जातात. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकाट सुटतं, रक्तात शिरतं नि किडनीत येऊन बसतं. म्हणजे दूध सोडून तू खड्याचा अर्धा माल उलट वाढवून घेतलास. पोराटोराला कळेल असं वाटतं खरं, पण हे भल्याभल्यांना कळलं नव्हतं. अमेरिकेत ४५,६१९ पुरुषांवर पाहणी झाली, १९९३ मध्ये छापून आली. जेवणातून ज्यांच्या पोटात कॅल्शियम जास्त जात होतं त्यांना खडे कमी होत होते. मग इटलीत, पार्माला, १२० माणसं घेतली, सगळी लघवीतून कॅल्शियम जास्त जाणारी, तुझ्या बाबांच्या जातीची. निम्म्यांचं दूध-दही तोडलं. निम्म्यांना ते नेहमीसारखं ठेवलं, फक्त मीठ आणि मांस कमी केलं. पाच वर्षांनी पहिल्या साठांतल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या साठांतल्या १२ जणांना. हे २००२ चं. तू तेव्हा चौथीत होतास आणि रोज दुधाच्या पेल्यावरून माझ्याशी भांडायचास.

खड्याचं एवढं बोलतेय, पण खड्याची मला भीती नाही. खडा दिसतो, दुखतो, लेझरने फुटतो, पडतो. मला भीती हाडांची आहे. हाड दुखत नाही रे. मोडेपर्यंत काही सांगतच नाही.

आपल्या अंगात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. आणि ज्यांची किडनी कॅल्शियम गळू देते त्यांनी खाणं बंद केलं म्हणून गळती बंद होत नाही. ती मग हाडांतून चालू राहते. तू पूल बांधतोस. समज, कुणीतरी रोज रात्री येऊन तुझ्या खांबातून बोटभर सळई कापून नेतंय, आणि तू काय करतोस, तर ‘चोरी होते म्हणून’ साइटवर सळईचा ट्रकच येऊ देत नाहीस. चोर कमी होईल का? न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एका प्रयोगशाळेत उंदीर वाढवले आहेत. ज्यांच्या लघवीत जास्त कॅल्शियम त्यांचीच आपसात जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा तसेच निवडायचे, असं पिढ्यानपिढ्या. शेवटी अशी जात तयार झाली की सगळ्यांनाच खडे होतात. त्यांना कॅल्शियम नसलेलं खाणं दिलं तरी लघवीतून कॅल्शियम जातच राहिलं. कुठून जाणार? हाडं तपासली तर ती कमजोर. आणि अमेरिकेत आणखी एक रॉचेस्टर आहे, मिनेसोटात, ते वेगळं (मी कित्येक वर्षं दोन्ही एकच समजत होते). तिथे खडा झालेल्या गावकऱ्यांच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. त्यांचे मणके मोडण्याचं प्रमाण इतरांच्या चौपट निघालं. मनगट, खुबा यांत तेवढा फरक नव्हता. मणकेच.

व्याख्यान झालं. माफ कर. तुझ्या बारावीच्या वेळी मी कोलेस्टेरॉलवर असंच बोलले होते, आणि तू म्हणाला होतास, ‘आई, माझा पेपर गणिताचा आहे.’

बाबांचं मणक्याचं तुला माहीत आहे, निदान निम्मं. २०१५ चा मार्च. तू शेवटच्या वर्षाला पुण्यात होतास, आम्ही तुला परीक्षा संपल्यावर सांगितलं. मळ्यातून गहू आला होता. ते ५७ चे, धडधाकट, गोणी उचलायला वाकले. मी ओट्याशी होते आणि मला आवाज आला. वाळलेली तुरीची काडी मोडल्यावर येतो तेवढाच. ते ओरडले नाहीतच. गोणी हळूच खाली ठेवली, सरळ व्हायला गेले, आणि होता येईना. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबला होता. डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, केली तर उणे २.९. उणे अडीचच्या खाली गेलं की हाड ठिसूळ म्हणतात. बायकांना होतं ते, असं ते त्या तपासणीवाल्या मुलाला सांगत राहिले. तो म्हणाला, काका, मशीनला कळत नाही.

मधल्या खोलीच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत ना, त्यातली सगळ्यात वरची बाबांची. १९९९ च्या दिवाळीत तू हट्ट केला होतास की बाबांनीही उभं राहायचं. मणका भरून आल्यावर एकदा ते चौकटीला टेकून चप्पल घालत होते, मी सहज पाहिलं. रेघ डोक्याच्या वर होती. नंतर ते झोपल्यावर टेप आणून मोजलं. साडेचार सेंटिमीटर. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता उरलेलं निम्मं.

बाबांचं दूध मी बंद केलं होतं. १९८९ मध्ये, पहिल्या खड्यानंतर. डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं, तेव्हा सगळेच सांगायचे, कागदच मिळायचा छापलेला: दूध, दही, ताक, लोणी, खवा वर्ज्य. पण डॉक्टर सांगून विसरले. मी नाही विसरले. मी काटेकोर बाई, तू ओळखतोसच. ड्यूटीवरून कितीही वाजता आले तरी बाबा एक पितळी पेलाभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी खायचे, आजीने लावलेली सवय. पहिला महिनाभर ते नुसते पेल्याकडे बघायचे. मग मी तो पेलाच मोडीत दिला आणि कुकर आणला. लग्नात, बारशात, कुठेही, मी पंगतीत लांबून बघत असायचे की श्रीखंडाची वाटी उलटी ठेवतात की नाही. आबाकाका म्हणायचे, वहिनी, एवढा पहारा जेलमध्ये नसतो. मला त्याचा अभिमान वाटायचा.

अठरा वर्षं. एवढं करून खडे सहा वेळा पुन्हा झाले, आणि मला कधी वाटलं नाही की आपलं काही चुकत असेल. वाटलं, हे बाहेर चोरून खात असतील.

२००७ मध्ये आमच्याकडे एक तरुण डॉक्टर नव्याने यायला लागले. त्यांना मी मोठ्या तोऱ्यात बाबांची फाइल दाखवली. त्यांनी विचारलं, ‘दूध का बंद?’ मी म्हणाले, ‘कॅल्शियमचे खडे ना.’ अगदी तुझंच वाक्य. त्यांनी आवाज न चढवता, मला वाईट वाटणार नाही असं सगळं सांगितलं. सेंट्रिफ्यूज फिरून थांबलं तरी मी तशीच उभी होते. त्यांच्या सांगण्यावरून चोवीस तासांची लघवी तपासली. मीच तपासली. कॅल्शियम ४१२ मिलिग्रॅम. पुरुषाला ३०० च्या आत पाहिजे. मला वाटलं माझा हात चुकला, म्हणून पुन्हा लावली. ४०८.

आठवडाभराने बाबांपुढे दुधाचा ग्लास ठेवला. त्यांनी विचारलं, ‘आज काय?’ मी म्हणाले, ‘आता चालतं म्हणे.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि प्यायले. पुढे कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तुला पहिल्यांदा लिहितेय.

त्यामुळेच मणका मोडला असं कुणी छातीठोक सांगणार नाही. तुझी आजी आठव. तिचं दूध कुणी तोडलं नव्हतं, दारात म्हैस होती, तरी शेवटी ती अशी वाकली होती की अंगणात चालताना तिला माणसांचे फक्त पाय दिसायचे, आणि पायांवरून ती ओळखायची. १९९७ मध्ये मोरीत पाय सरकून खुबा मोडला आणि पुढच्या वर्षी गेली. आबाकाकांना तीन खडे. आत्याला खडा एकही नाही, पण दोन्ही मनगटं मोडून झालीत. म्हणजे ते घराण्यात आहे. तू तेच म्हणालास ना, ‘जीन्समध्येच असेल तर दूध प्यायलो काय नि नाही काय.’

आहेच जीन्समध्ये. ज्या पुरुषांच्या घरात खड्याचा इतिहास आहे त्यांना खडा होण्याची शक्यता अडीच पट असते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या सैनिकांमधल्या जुळ्या भावांवर अभ्यास झाला. एकसारखे जुळे आणि साधे जुळे यांची तुलना करून त्यांनी काढलं की खड्याच्या बाबतीत माणसामाणसांतला ५६ टक्के फरक आनुवंशिक. आणि २००९ मध्ये आइसलँड आणि नेदरलँड्सच्या लोकांत क्लॉडिन-१४ नावाचं जनुक सापडलं. किडनीच्या नळ्यांत कॅल्शियम परत ओढून घेण्याच्या वाटेवर जे दरवान असतात, त्यांतलं हे एक. त्याचा एक प्रकार असतो, त्याने खड्याचा धोका वाढतो, आणि गंमत म्हणजे त्याच प्रकाराने हाडांची घनताही थोडी कमी दिसते. वाचलं तेव्हा मला आजी आणि आबाकाका एकाच ओळीत उभे दिसले.

पण ऐक, तो प्रकार दोन्ही बाजूंनी मिळालेली माणसं तिथे ६२ टक्के होती. शंभरातल्या बासष्ट जणांना थोडेच खडे होतात? धोका दीडपटीहून थोडा जास्त, एवढंच. अशी कितीतरी जनुकं थोडं थोडं ढकलत असतात. उरलेलं मीठ ढकलतं, तहान ढकलते, एसटीचं वेळापत्रक ढकलतं. एकाच जनुकाने होणारे आजार असतात, पण ते विरळा, आणि बहुतेक लहानपणीच तोंड दाखवतात.

खरं सांगू? जनुकांवर ढकललं की मला हलकं वाटतं. आजीची वाकलेली पाठ आठवली की रात्री झोप लागते. म्हणूनच मी त्या विचारावर फार भरवसा ठेवत नाही.

आणि मीठ. हे मी तुझ्यावर नाही ढकलणार. साधारण ६ ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं की लघवीतून ४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जास्त जातं. आणि दर सुट्टीनंतर तुझ्या बॅगेत बिबडे, पापड, कैरीचं लोणचं, ठेचा, शेव, असं पाच-पाच किलो मीठ कोण भरतं? अनूने एकदा म्हटलं होतं, आई, थोडं कमी पाठवा. मी दोन दिवस गाल फुगवून होते. तिला सांग, ती बरोबर होती. नको, मीच सांगेन.

आता माझं मागणं. डॉक्टरांना सांग की घरात हाडांचाही इतिहास आहे. ते आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार, ते खडा बघतात. पॅराथायरॉइडची रक्ततपासणी एकदा करायला सांग, पीटीएच म्हणतात. तुझं कॅल्शियम ९.६ आहे म्हणजे त्यात काही निघेल असं नाही, पण खडे आणि हाडं दोन्हींचा मूळ चोर कधीकधी गळ्यातल्या त्या मुगाएवढ्या गाठीत असतो. बोस्टनला चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कप्तान होता. हाडं विरत विरत त्याची उंची सात इंचांनी कमी झाली, सोबत किडनीत खडे. गळ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या, सापडेना. सातव्या वेळी, १९३२ मध्ये, ती गाठ छातीत सापडली. आणि काही आठवड्यांत तो गेला, तोही मूत्रनळीतल्या खड्यापायी. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. आजीची ती तपासणी कधी झालीच नाही, हे डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

दुसरं, चोवीस तासांची लघवी. लगेच नको, महिना-सव्वा महिना जाऊ दे, आणि नेहमीचं खात असताना कर. दूध बंद ठेवून केलीस तर आकडा खोटा येईल आणि सगळे म्हणतील, वा, छान. सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. कॅनमध्ये आम्ल घातलेलं असलं तर थेट त्यात करू नको, शिंतोडे उडतात. मग्यात घेऊन हळू ओत. साइटवर लाज वाटेल, म्हणून शुक्रवारी, सुट्टीला कर. लोक लाजेने अर्धी फेकून द्यायचे आणि आम्हाला आणून द्यायचे लिटरभर. एकाने तर दारूच्या बाटलीत आणली होती, वरचं लेबल तसंच, आमचा शिपाई हळहळला. तुझी अडीच लिटर भरली तर मी पेढे वाटेन. तेवढं पाणी पोटात गेलं की पुढचं निम्मं काम होतं. इटलीतल्या त्याच मंडळींनी आधी, १९९६ मध्ये, नुसतं पाणी वाढवून पाहिलं होतं. पाच वर्षांत पुन्हा खडा झालेले २७ टक्क्यांवरून १२ वर आले. बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, त्यांच्याकडे रस्त्यात मुताऱ्या असतील.

आणि पाठीचं एक डेक्सा. तुझ्या वयात टी-स्कोअर (बाबांचा उणे २.९ आला तो) नाही, झेड-स्कोअर बघतात, म्हणजे तुझ्याच वयाच्या माणसांशी तुलना. पाच मिनिटांचं काम, झोपून राहायचं.

कॅल्शियमच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नकोस. ‘मग गोळी घेतो’ असं तू म्हणशील म्हणून आधीच सांगतेय. गोळीचं गणित वेगळं. रिकाम्या पोटी घेतली तर धरायला तिथे ऑक्झलेटच नसतं, कॅल्शियम तेवढं सरळ लघवीत येतं. डीची पावडरही डॉक्टर देतील तेवढीच, आणि नंतर कॅल्शियम पुन्हा तपासून. जेवणातलं घे. तिथे लबान मिळतं म्हणतोस, ताकच ते, बिनमिठाचं बघून घे. दिवसाचं हजार-बाराशे मिलिग्रॅम पुरे. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास येतं, म्हणजे दोन पेले, वाटीभर दही आणि कधी नाचणीची भाकरी. औषध म्हणून नाही सांगत. जेवण म्हणून.

बाबा आत्ता डोकावून गेले. ‘काय एवढं लिहितेस?’ म्हणाले. मी म्हणाले, रेसिपी. त्यांनी मोबाइलवर तुझ्या पुलाचा फोटो ठेवलाय, तो वाडीतला (तिथे ओढ्याच्या पात्राला वाडी म्हणतात ना), पाण्यावरचा. पेन्शनच्या कामाला डेपोत जातात तेव्हा आधी फोटो, मग कागद. एका जुन्या कंडक्टरला सांगत होते, ‘त्याच्या पुलावरून आपली गाडी जाणार नाही कधी, पण गेली असती तर खडखडली नसती.’ हे तुला त्यांनी सांगितलं नसेलच.

चिऊची काही तपासणी करत बसू नका, उगाच. लहान पोर आहे. तिला पाणी प्यायची सवय लावा, आणि पळू दे, उड्या मारू दे, त्याने हाड भरतं. फक्त कधी लघवी लालसर दिसली तर मला त्याच दिवशी फोन कर. कितीही वाजले असले तरी. दिसणार नाही. पण दिसली तर.

नळ्यांबद्दल माझा राग गेला. तू घाबरला होतास, मला कळतं. मीही घाबरलेच होते, म्हणून सकाळी सातला फोन केला नि आवाज चढवला. दिवाळीत याल तेव्हा चौकटीवर चिऊची रेघ काढू. बाबांना उभं करू नकोस तिथे, काहीतरी निमित्त काढ.

अनूला आणि चिऊला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. डब्यात यंदाचे बिबडे आहेत, बिनमिठाचे. बाबांनी एकातला अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा बशीच्या कडेला ठेवला. तरी पंचवीस देतेय. तळलेले खाऊ नका, भाजून घ्या, आणि दह्याबरोबर खा.